सुरतेच्या मावशीची ओटी

मावशीचा खालचा जबडा उंदरांनी खाल्ला होता. वरचा शाबूत होता, पण नुसत्या वरच्या जबड्याने कोणाला गिळता येत नाही, हे शेडच्या दारात उभ्या मोहिनीला मान्य करावं लागलं.

"एवढंच ना?" ती भावाला, धर्मेंद्रला म्हणाली. "एका दुपारचं काम आहे."

हे वाक्य पुढे तिला घरातल्या प्रत्येकाने, आणि घरातले नसलेल्या पुष्कळांनी, वेळोवेळी ऐकवलं.

मावशी म्हणजे समुद्रातलं श्वापद. मोहिनीच्या वडिलांनी, आप्पांनी, ते स्वतः शोधलं आणि स्वतःच बांधलं होतं. निळ्या पिंपाचं डोकं, केळीच्या बागेतल्या बाद झालेल्या ठिबकच्या नळ्यांची आयाळ, खताच्या गोण्यांची कातडी, ट्रॅक्टरच्या ट्यूबचं पोट, पत्रा कापून केलेले दात आणि डोळ्यांच्या जागी ट्रॉलीच्या मागचे लाल रिफ्लेक्टर. आप्पांच्या सांगण्यानुसार तिचा जन्म सुरतेच्या खाडीत झाला. भरतीबरोबर ती तापीत शिरली, एका अमावास्येला उकाईचं धरण पोटावर सरपटत ओलांडून वर आली, आणि प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला आपल्या गावचा डोह आवडला म्हणून इथेच राहिली. तिला दोन पोटं होती. एक माशांसाठी, दुसरं न ऐकणाऱ्या पोरांसाठी. पहिलं नेहमी भरलेलं असे. दुसरं रिकामं.

गावच्या घाटाला एक शेवाळलेली पायरी आहे. त्या पायरीपर्यंत पाणी गुडघाभर, आणि पुढे एकदम डोह. आप्पा दर हिवाळ्यात मावशीला डोहात दोराने बांधून ठेवत. पाणी हललं की ती डोकं वर काढी, पुन्हा खाली जाई. आप्पा घाटावर बसून तिच्या बातम्या सांगत. पोरं शेवाळाच्या पायरीवरच अंघोळ उरकत. पावसाळ्याआधी मावशी शेडमध्ये परत येई. या वेळी ती शेडमध्येच राहिली, कारण दिवाळी झाली आणि आप्पा गेले.

होळीच्या दिवशी धर्मेंद्रची भाविका शेवाळाची पायरी ओलांडून गेली. घाटावर कपडे धुणाऱ्या गजराबाईने तिला वेणी धरून बाहेर काढलं. बुडण्यापेक्षा वेणीच जास्त दुखली, असं भाविकाचं आजही म्हणणं आहे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर गावातल्या सगळ्या पोरी गौराई बोळवायला त्याच घाटावर जमणार. पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी जमणार, दोन्ही काठांवरून एकमेकींना रीतसर शिव्या देणार, आणि आपली शिवी नीट पोहोचावी म्हणून प्रत्येक पोर एकेक पायरी पुढे सरकणार. म्हणून मोहिनीला अखाजीच्या आत मावशी पाण्यात हवी होती. बस, एवढंच.

मोहिनी नाशिकला कॉलेजात मराठी शिकवते. दुःख या विषयावर तिने बरंच वाचलं होतं. वडील गेल्यावर तर नव्याने वाचलं, समासात खुणा करत वाचलं. उंदरांनी खाल्लेल्या जबड्याविषयी त्यात कुठेच काही नव्हतं.

जबडा अंगणात आणून ठेवल्याबरोबर समोरच्या निंबाखालचा पत्त्यांचा डाव बोलू लागला. अखाजीच्या दिवसांत आमच्याकडे पत्ते खेळायला कोणाची ना नसते, त्यामुळे गावातले सगळे जाणकार एकाच चटईवर सापडतात. पत्त्यांवरची नजर न काढता ते सल्ला देतात.

"मोहिनीताई, जबडा केळीना खांबना करा. हलका ऱ्हास," गोपाळ म्हणाला. गोपाळ शेजारचा, ट्रॅक्टरवाला.

"सडी जाई तो," दुसरा म्हणाला.

"सडी ते सडू दे. समुद्रनं जनावर शे, वास त येवालेच पाहिजे."

यावर चटईवर बरीच चर्चा झाली. समुद्राचा वास कसा असतो हे चटईवरच्या कोणालाही माहीत नव्हतं. एकजण लग्नासाठी वापीला गेला होता, त्याचं मत ग्राह्य धरलं गेलं. मोहिनीने मुकाट्याने ठिबकची नवी नळी आणली. ती गोपाळच्या मते फार जाड, धर्मेंद्रच्या मते फार पातळ आणि आईच्या मते फुकटची नासाडी होती.

आई, म्हणजे प्रमिलाबाई, ओट्यावर बसून वेगळंच काम सांगत होत्या. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलेलं असतं, त्या घरात अखाजीला त्याच्या नावाची घागर भरतात, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर त्याच्या आवडीचा घास सोडतात. ही आगारी. घास पेटला की समजायचं, माणूस जेवला.

"त्याले पुरणपोळी आवडे नही," प्रमिलाबाई म्हणाल्या. "बोटं कर."

"आई, पितराला बोटं?"

"मंग काय लाडू देऊ? जलमभर त्यानी बोटंच खादीत."

बोटं हा आप्पांचा दुसरा शोध. सांजोरीचीच कणीक, पण लांबट वळायची, सुरीच्या पाठीने पेरांवर सुरकुत्या पाडायच्या, टोकाला बदामाचं नख बसवायचं आणि आत गुलकंद भरून तळायचं. दात लागला की आतून लाल ओघळ यायचा. शेवाळाच्या पायरीवर थांबणाऱ्या पोरांना आप्पा ही बोटं वाटत. कोणाची, ते विचारायचं नाही असा नियम होता. पाहुण्यांसमोर ताट आलं की पाहुणे पाणी मागत.

मोहिनी रात्रीचं वाचन सोडून बोटं वळायला बसली. आप्पांची बोटं एकसारखी नसत. त्यात करंगळ्या असत, अंगठे असत, एखादं संधिवाताने वाकलेलं असे. मोहिनीच्या सगळ्या तर्जन्याच झाल्या. बदाम कमी पडले म्हणून तिने ते उभे चिरून अर्धे अर्धे लावले. प्रमिलाबाईंनी ताटाकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मोहिनीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आता खरं तर मावशीला ट्रॉलीत टाकून डोहात सोडायचं, की संपलं. पण सरपंचांचा निरोप आला. वरून पाणी सोडतात त्या नदीत हल्ली काहीही टाकायचं तर कार्यालयाचं पत्र लागतं. आप्पांनी कधी पत्र घेतलं नव्हतं. पण आप्पांना पत्र मागायची कोणाची छाती नव्हती, आणि मोहिनी शिकलेली होती, म्हणजे तिला ते सहज मिळणार असं सगळ्यांनी धरलं.

कार्यालय शहाद्याला. खिडकीतल्या साहेबांनी मावशीचा मोबाइलवरचा फोटो आडवा, मग उभा करून पाहिला.

"वस्तू की प्राणी?"

"प्राण्याची प्रतिकृती," मोहिनी म्हणाली.

"कोणत्या प्राण्याची?"

"तो प्राणी नाहीये. काल्पनिक आहे."

"मॅडम, नसलेल्या प्राण्याची प्रतिकृती म्हणजे वस्तू. वस्तूला परवानगी देता येत नाही, पाण्याला अडथळा होतो. प्राणी असेल तर सोडता येतो."

"मग प्राणी लिहा."

"समुद्री की गोड्या पाण्यातला?"

मोहिनी खोटं कधी बोलली नव्हती अशातला भाग नाही, पण लेखी कधी बोलली नव्हती. "मूळ समुद्री," ती म्हणाली. "पण काल्पनिक. तसं स्पष्ट लिहा."

"आहार?"

"ती काही खात नाही हो, ती काल्पनिक आहे."

साहेबांनी 'काल्पनिक' असं लिहून घेतलं, आहाराची जागा मोकळी ठेवली, आणि पेन थांबवलं. "बनवणारे हयात आहेत?"

"नाही."

हा शब्द तिने गेल्या सहा महिन्यांत बँकेत, गॅस एजन्सीत, वीज मंडळात पुष्कळदा उच्चारला होता. त्याची तिला सवय झाली होती. पण पत्र्याच्या दातांच्या, लाल डोळ्यांच्या त्या फोटोवरून तो उच्चारताना तिला खिडकीची कड धरावी लागली. साहेबांनी ते उन्हाचं समजून पाण्याचा ग्लास पुढे केला. ते वाईट नव्हते.

"मग वारसांच्या नावे करावं लागेल," ते हळू आवाजात म्हणाले. "किती जण?"

पत्नी, मुलगा, मुलगी. एका मावशीत तिघांचे समान हिस्से. संध्याकाळी ओट्यावर ही बातमी सांगितली तेव्हा निंबाखालचा डाव थांबला. आमच्याकडे अखाजीला बहीण माहेरी आली की जेवणं झाल्यावर कोणीतरी घसा खाकरतं, आणि बहिणीने जमिनीवरचा हक्क भावाला सोडून दिल्याचा कागद पुढे येतो. आप्पा गेल्यावर मोहिनीनेही ती सही करून टाकली होती. धर्मेंद्र आता तोच घसा खाकरून म्हणाला, "ताई, मावशीवरना मन्हा हक्क मी तुले सोडी देस."

"धर्मा, तुला केळीची बाग, आणि मला हे?"

"आप्पानी आठवण शे ती, ताई. मोठ्या मननी शेस तू."

निंबाखाली कोणीतरी खोकलं. प्रमिलाबाईंनीही आपला हिस्सा तोंडी सोडला. अशा रीतीने मोहिनी तापीकाठच्या एका समुद्री श्वापदाची एकटी मालकीण झाली. पत्र सही होऊन यायला मात्र सण मधे आला. साहेबांनी फोनवर सांगितलं, सोडा तुम्ही, कागद मागून लावू.

अखाजीच्या सकाळी घागर भरली. डांगर ठेवलं. प्रमिलाबाईंनी निखाऱ्यांवर तूप सोडलं, वर मोहिनीने केलेलं एक बोट ठेवलं, आणि सगळे हात जोडून बसले. बोट पेटलं नाही. नुसतं काळं पडलं आणि बाजूला कललं, एखाद्याने नको म्हणावं तसं. पुन्हा तूप, पुन्हा बोट. धूर निघाला तोही खिडकीकडे गेला.

"नही धरत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "त्याले पटनं नही काहीतरी."

मोहिनी समोर बसली होती. त्या बोटांसाठी ती एक अख्खी रात्र जागली होती. निखारे विझत आलेत, त्यांवर राख बसलीये, असं तिला म्हणायचं होतं.

खरा घोटाळा इथे झाला. आगारी बघायला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. गजराबाईचं लक्ष अंगणात गेलं. तिथे नवा जबडा लावलेली मावशी ट्रॉलीची वाट बघत आ वासून पडली होती.

"आते समजनं!" गजराबाई म्हणाली. "वं प्रमिलाबाई, ती मावशी शे ना?"

"शे."

"आज जाई ऱ्हायनी ना?"

"जाई ऱ्हायनी."

"मंग? अखाजीले दारमाईन बाई जाई ऱ्हायनी, आन तिनी ओटी नही भरनी? रूपचंदभाऊले कसं पटी ते?"

रूपचंदभाऊ म्हणजे आप्पा. बायांना हे इतकं पटलं की मोहिनीला मधे तोंड घालायला फट मिळाली नाही. त्यांच्यातल्या तापीबाईने हळदीकुंकू आणलं. पिंपाच्या निळ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू बसलं. कोणीतरी हिरवं पातळ आणून गोण्यांच्या कातडीवर गुंडाळलं. मावशीला हात नसल्याने हिरव्या बांगड्या तिच्या दातांत अडकवल्या. पोटात, म्हणजे ट्यूबच्या भोकात, तांदूळ, खोबऱ्याची वाटी आणि एक सांजोरी गेली.

"अहो, ती पोरांना खाते!" मोहिनी शेवटी ओरडली. "तिची भीती वाटली पाहिजे!"

"खाये ना माय, पन रीत ते रीत," तापीबाई म्हणाली, आणि आयाळीत गजरा माळला.

ट्रॉली गावातून निघाली तेव्हा मावशी सासरी निघालेल्या एखाद्या आडव्या अंगाच्या, खूप दात असलेल्या बाईसारखी दिसत होती. गोपाळ ट्रॅक्टर मुद्दाम हळू चालवत होता. ओट्याओट्यावरून बाया हात हलवत होत्या. "पोहचनी म्हनजे फोन कर वं!" असं कोणीतरी म्हणालं. मोहिनी मावशीचा जबडा निसटू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून ट्रॉलीत बसली होती. नाशिकच्या विभागात तिच्या नुसत्या चष्म्याला घाबरून मुलं सरळ बसतात, हे ती मनात परत परत म्हणत होती. मांडीवर बोटांचा डबा होता. उरलेली पोरींना द्या, आता घरात ती कोणाला नकोत, असं म्हणून आईने तो चढवला होता.

गोपाळने आणि धर्मेंद्रने मावशीला डोहात ढकललं, दोर खुंटीला बांधला. ती एकदा बुडाली, वर आली, आणि पातळ फुगवून, कुंकू लावून, गावाकडे तोंड करून डुलू लागली.

पोरी हसल्या. हसल्या म्हणजे खाली बसून, पोट धरून हसल्या. सगळ्यात आधी भाविका.

"फुई, ती त लगीनले चालनी!" तिने फोन काढला. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "आन फुई, खारा पाणीनं जनावर गोडा पाणीमा जगत नही. व्हिडिओमा सांगेल शे."

पलीकडच्या काठावर पलीकडच्या गावच्या पोरी आल्या. त्यांनी पहिली शिवी दिली. "तुमना गावन्या बाया आशाच दिसतीस का वं?" हा घाव वर्मी होता. भाविकाने गौराई खाली ठेवली, ओढणी कमरेला खोचली आणि उत्तर द्यायला शेवाळाच्या पायरीवर उतरली. तिथून आवाज पुरेना. मावशी अगदी हाताशी डुलत होती, दातांत बांगड्या वाजवत. मावशीवर चढूनच शिवी द्यावी हे भाविकाच्या डोक्यात आलेलं मोहिनीला तिच्या पाठीवरून दिसलं. तिने एक पाय उचलला.

"भाविका, थांब! तिथे खोल आहे," मोहिनी शुद्ध मराठीत म्हणाली. विभागात चष्म्याआडून एवढं म्हटलं की पुरतं. भाविकाने मागे बघितलंही नाही. मागच्या पोरीही पुढे सरकल्या.

मोहिनी खाली धावली नाही. का, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. ती आप्पांच्या जागेवर, घाटाच्या त्या फुटक्या दगडावर बसली, मांडीवर डबा ठेवला आणि अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "त्या बांगड्या तिन्या नही शेतस."

भाविकाचा पाय हवेत थांबला. फुई अशी गावच्या बोलीत कधी बोलली नव्हती.

"काय?"

"तिले हात शेतस का? मंग बांगड्या कोन्या?"

पोरींनी मावशीच्या दातांकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या. पाणी हललं, त्या किणकिणल्या.

"मांगनी अखाजीले पलीकडथून एक पोर पुढे उनी व्हती," मोहिनी म्हणाली. "शिवी पुरी व्हयनी नही तिनी. पातळ सापडनं, तेच आंगवर शे. कुंकू लायाले ती मावशी बठस का, ईचारा गजराबाईले. ते कुंकू नही शे."

"मंग काय शे?" मागून कोणीतरी बारीक आवाजात विचारलं.

मोहिनीने उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं नसतं हे तिला ऐकून ऐकून पाठ होतं. तिने डब्याचं झाकण काढलं आणि डबा पोरींच्या दिशेने थोडा कलता केला.

"इतलंच काठले लागनं."

बारक्या, सारख्या, सुरकुतलेल्या तर्जन्या. अर्धी अर्धी नखं, जणू कशाला तरी धरताना झिजलेली. आप्पांच्या ताटातली बोटं गमतीची दिसत. ही खरी दिसत होती. ताटाकडे बघून आई गप्प का झाली, ते मोहिनीला आत्ता कळलं.

भाविकाने उचललेला पाय मागे टाकला. मग दुसरा. शेवाळाच्या पायरीवरून ती वरच्या पायरीवर आली, तिथून त्याच्या वरच्या. पलीकडच्या पोरींना ऐकू काहीच गेलं नव्हतं, पण इकडच्या पोरी एकदम अशा मागे हटल्या की त्यांनीही शिवी अर्धी सोडून काठ सोडला. त्या वर्षीची गौराई शेवाळाच्या पायरीच्या अलीकडूनच, लांब हात करून, पाण्यात सोडली गेली.

बऱ्याच वेळाने भाविका शेजारी येऊन बसली. डब्यात बघत राहिली.

"फुई, खावान्या शेतस का?"

"खा."

तिने नखाकडून चावा घेतला. हनुवटीवर गुलकंद ओघळला. "आप्पाना हातनी चव शे," ती तोंड भरलेलं असताना म्हणाली, आणि मग पोरींची झुंबड उडाली, डबा रिकामा झाला. मोहिनीने चष्मा काढून पदराने पुसला. काच स्वच्छच होती. पण पुसायला बराच वेळ लागला.

वरच्या पायरीवर प्रमिलाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नव्हतं.

"पोहचनं आते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "नखं तेवढी अख्खी लाव पुढला साले."

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन आला. साहेबांचा आवाज मागच्या फोनसारखा मोकळा नव्हता. पलीकडच्या गावचे लोक सकाळीच येऊन बसले होते. त्यांच्या बाया धुण्याला नदीवर जायला तयार नव्हत्या आणि पोरं हापशावर अंघोळ करत होती.

"मॅडम, तुम्ही काल्पनिक असं लिहून दिलंय. मी त्यांना तेच सांगू ना?"

मोहिनीने दाराकडे पाहिलं. दाराआड भाविकाच्या दोन वेण्या दिसत होत्या. घाटावरच्या बांगड्यांचा आवाज इथवर येत नव्हता. तरी तिला तो आला.

"तो शब्द खोडा," ती म्हणाली. "सुरतेची आहे ती."

पलीकडे पेन सरकल्याचा आवाज झाला. "मग आहाराची जागा मोकळी आहे, ती भरावी लागेल. काय लिहू?"

"दोन पोटं आहेत, वेगवेगळी लिहा," मोहिनी दाराआडच्या वेण्यांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "पहिल्यात मासे. दुसरं अजून रिकामं आहे."